सोसायटीशी वाद आहे, पण तक्रार नेमकी कुठे करायची?

सप्टेंबरातल्या एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, आटोपल्या आणि पाऊस ओसरला की आमच्याकडे सोसायटीच्या पत्रांचा ढीग येतो. यंदाही आलाय. गळती, हिशोब, पार्किंग, भाडेकरू, कुत्रा, सगळं आहे. वाचताना एक गोष्ट सारखी दिसत होती, बहुतेकांची तक्रार खरी आहे पण ती गेलीये भलतीकडेच. पार्किंगसाठी पोलीस चौकीत, गळतीसाठी मुख्यमंत्र्यांना ईमेल, आणि हिशोबासाठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री साडेअकराला चारशे शब्दांचा मेसेज. अहो, आपल्या सोसायटीच्या आदर्श उपविधींच्या, म्हणजे बायलॉजच्या, शेवटच्या भागात चक्क लिहून दिलंय की कुठली तक्रार उपनिबंधकाकडे (म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे), कुठली सहकार न्यायालयात, कुठली महापालिकेत आणि कुठली पोलिसांत. तेवढी पानं कुणी उघडत नाही. यावेळी सगळा कॉलम याच पत्रांना दिलाय, पत्रं अर्थातच छोटी केलीत आणि नावं काढलीत.

ताई, आम्ही सातव्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. गच्चीतून पाणी झिरपून बेडरूमचं छत काळं पडलंय, प्लास्टर पडलं तेव्हा नशिबाने खाली कोणी नव्हतं. कमिटी म्हणते गच्चीचा फायदा वरच्या मजल्यालाच, तर वॉटरप्रूफिंगचा खर्च वरच्या चार फ्लॅटनी करावा. मी आता मेंटेनन्स भरणंच बंद करणार आहे. बरोबर ना?
एक वाचक, मुलुंड

मेंटेनन्स बंद करू नका, हे आधी. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. बिलाची मुदत उलटून तीन महिने गेले की तुम्ही थकबाकीदार ठरता, मग मतदान नाही, कमिटीवर उभं राहता येत नाही, आणि उद्या कोर्टात गेलात की समोरचा वकील पहिलं वाक्य हेच बोलणार की हे गृहस्थ स्वतःच डिफॉल्टर आहेत. तुमची बाजू शंभर टक्के खरी असताना हे कशाला ओढवून घ्यायचं. भरा, आणि पत्रात लिहा की हक्क राखून भरतोय.

आता कमिटीचं म्हणणं. ते साफ चूक आहे. गच्ची कॉमन आहे, इमारतीचं छप्पर आहे ते, तुमच्या बेडरूमचं नाही. पावसाच्या पाण्याची गळती, गच्चीतून असो की बाहेरच्या भिंतीतून, आणि कॉमन पाइप किंवा ड्रेनेज लाइनमधून होणारी गळती, हा सगळा दुरुस्तीचा खर्च उपविधींप्रमाणे सोसायटीचा. तळमजल्यावाल्याने पण त्यात आपला वाटा द्यायचा, जसा तो लिफ्टचा देतो. कमिटीला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न असेल तर दुरुस्ती निधी त्यासाठीच असतो, दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का प्रत्येकाकडून घेतात तो. तो घेतला नसेल किंवा दुसरीकडे खर्च झाला असेल तर तो कमिटीने एजीएमला सांगायचा विषय आहे, तुमच्या छताने भोगायचा नाही.

करायचं काय तर कमिटीच्या नावाने लेखी तक्रार द्या, तारखेसकट, फोटो जोडा, आणि तुमच्या कॉपीवर पोच घ्या. सेक्रेटरी पोच देत नसेल, आणि बरेच जण देत नाहीत हे मला माहितीये, तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि सोसायटीच्या ईमेलवर पण टाका. कमिटीने पुढच्या मीटिंगमध्ये निर्णय घेऊन त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं. नाही कळवलं किंवा तुमच्याकडेच पैसे मागितले तर दुरुस्ती आणि गळतीचा वाद सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातो. उपनिबंधकाकडे नाही. इथेच लोकांचं वर्ष वाया जातं, उपनिबंधक ऑफिसात चकरा मारतात, तिथला क्लार्क अर्ज घेतो, सोसायटीला एक पत्र जातं आणि मग शांतता. कोर्टात गेल्यावर लगेच अंतरिम आदेश मागा, म्हणजे निकाल लागेपर्यंत आणखी पावसाळे जायला नकोत. स्ट्रक्चरल इंजिनीअरचा रिपोर्ट जोडलात तर केस निम्मी सोपी होते. आणि हो, प्लास्टर पडलंय म्हणता तर इमारतीचं वय किती ते बघा. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला पाहिजे. झालं नसेल तर तक्रारीत तेही लिहा.

अशाच तीन पत्रांत गच्ची नाही, वरच्या शेजाऱ्याचं बाथरूम गळतंय. तो मामला वेगळा. संडास, बाथरूम, सिंक यांची आतली गळती ज्याच्या घरातून होते त्याच्या खर्चाने. पण वरचा दार उघडत नाही म्हणून कमिटीने "तुमचं तुम्ही बघा" म्हणायचं नसतं. आगाऊ नोटीस देऊन सेक्रेटरी आणि एक कमिटी मेंबर यांना दुरुस्तीच्या पाहणीसाठी फ्लॅटमध्ये जाता येतं, त्यांना ती पाहणी करायला लावा, लेखी करायला लावा. मुंबईत असाल तर वॉर्ड ऑफिसला पण अर्ज द्या, महापालिका गळतीला उपद्रव धरून महापालिका कायद्याच्या कलम 381 ची नोटीस काढते. त्या नोटिशीने बरेच वरचे शेजारी एकदम प्लंबरचा नंबर शोधायला लागतात.

मी दुबईत असते, पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलाय. सोसायटी महिन्याला चौरस फुटाला पाच रुपये टेनंट चार्ज लावते, शिवाय "बॅचलर चालणार नाहीत" असा ठराव झालाय आणि भाडेकरूची मुलाखत कमिटी घेणार म्हणते. मुलाखत!
एक वाचक, दुबई

मुलाखतीचं वाचून मी पण हसले. उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. लागते ती सूचना, आठ दिवस आधी, सोबत लीव्ह अँड लायसन्स कराराची कॉपी आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती दिल्याचा कागद. करार रजिस्टर्ड हवा, त्यात टाळाटाळ करू नका. एवढं दिलं की तुमचं काम संपलं. बॅचलर नको हा ठराव उपविधींत कुठेच बसत नाही, बहुमताने केला म्हणून तो कायदेशीर होत नाही. अर्थात भाडेकरूने रात्री दोनला धिंगाणा घातला तर तक्रार करायचा हक्क शेजाऱ्यांना आहेच, पण तो वागण्यावर आहे, लग्न झालंय की नाही यावर नाही.

चार्जेसचं तर गणितच सांगते. 1 ऑगस्ट 2001 च्या सरकारी आदेशाप्रमाणे नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावतात तो) सर्व्हिस चार्जेसच्या जास्तीत जास्त 10 टक्के. फ्लॅटच्या क्षेत्रफळाशी किंवा तुम्हाला किती भाडं मिळतं याच्याशी काहीही संबंध नाही. मुंबईतल्या एका सोसायटीने त्या आदेशाला हायकोर्टात आव्हान दिलं होतं, 2007 साली कोर्टाने आदेश कायम ठेवला. समजा तुमचं बिल 4,000 आहे आणि त्यातलं मालमत्ता कर, पाणी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी वगैरे काढून वॉचमन, सफाई, कॉमन लाइट, ऑडिट फी असा सर्व्हिस चार्जचा भाग 2,200 येतो, तर नॉन-ऑक्युपन्सी महिन्याला 220 रुपये. बस. हजार चौरस फुटाचा फ्लॅट असेल तर तुमच्याकडून 5,000 घेतायत. आणि घरात तुमचे आईवडील, भाऊ, बहीण, जावई, मेहुणा असं कोणी राहत असेल तर तेही शून्य.

ही तक्रार मात्र उपनिबंधकाकडची. आधी सोसायटीला ईमेल करून हिशोब मागा, आदेशाची तारीख त्यात लिहा. एवढ्यानेच कित्येक ठिकाणी चार्ज खाली येतो कारण कमिटीला माहीत असतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं. नाही आला तर उपनिबंधकांकडे अर्ज, जादा घेतलेले पैसे परत किंवा पुढच्या बिलात वळते करून मागा. परदेशात आहात म्हणून इथे कुणाला तरी कुलमुखत्यारपत्र देऊन ठेवा, सुनावणीला माणूस लागतो.

तीन वर्षं आम्हाला हिशोब दाखवलेला नाही. ग्रुपवर विचारलं की अॅडमिन म्हणजे चेअरमनचा मुलगा रिमूव्ह करतो. एजीएममध्ये विचारलं तर "वेळ नाही, चहा घ्या" म्हणाले. माहिती अधिकारात अर्ज टाकला तर तो पण परत आला.
काही सभासद, ठाणे

चहा घ्या, पण सहीच्या रजिस्टरवर सही केलीत तर इतिवृत्तात तुमचा प्रश्न लिहिलाय का ते पण बघत जा. इतिवृत्ताची कॉपी मागायची, प्रश्न नसेल तर लेखी हरकत घ्यायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

माहिती अधिकार सोसायटीला थेट लागत नाही. केरळातल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या केसमध्ये 2013 ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सहकारी संस्था आपोआप सार्वजनिक प्राधिकरण होत नाही. पण उपनिबंधकाचं ऑफिस सरकारी आहे ना. तिथे सोसायटीने जे जे दाखल केलंय, ऑडिट रिपोर्ट, दोष दुरुस्ती अहवाल (ऑडिटमध्ये निघालेल्या चुका दुरुस्त केल्याचा), निवडणुकीचे कागद, ते तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे मागा. आणि दोष दुरुस्ती अहवाल दाखलच झालेला नाही असं उत्तर आलं तर उलट चांगलं, तक्रारीला मुद्दाच मिळाला.

बाकी तुम्हाला माहिती अधिकाराची गरजच काय, तुम्ही सभासद आहात. कायद्याने सभासदाला सोसायटीच्या ऑफिसात जाऊन उपविधी, ताळेबंद, ऑडिट रिपोर्ट, सभांची इतिवृत्तं, स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी बघायचा हक्क आहे, आणि फी भरून कॉपी मिळायचा पण. लेखी मागा, फी चेकने द्या, चेक घेत नाहीत तर तसं लिहा. कॉपी न देणं, एजीएम न घेणं, हिशोब तयार न करणं, चेक न स्वीकारणं, पैशांची अफरातफर, या सगळ्या तक्रारी उपनिबंधकाकडच्या. एजीएम आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत व्हायलाच हवी, चौदा दिवसांची नोटीस देऊन.

तुम्ही "काही सभासद" म्हणालात ते मला आवडलं, कारण एकट्याने जाण्यात आणि गटाने जाण्यात फार फरक आहे. एक पंचमांश सभासदांनी सही करून मागणी केली तर कमिटीला एका महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. आणि तेवढ्याच सभासदांनी अर्ज केला तर कलम 83 खाली निबंधकाकडे चौकशी मागता येते. साठ फ्लॅटच्या सोसायटीत बारा सह्या. बारा माणसं गोळा करता येत नसतील तर खरं सांगायचं तर भांडण सोसायटीशी नाही, शेजाऱ्यांच्या उदासीनतेशी आहे, आणि त्याला कलम नाही. सह्या घेताना "चेअरमन चोर आहे" असं कागदावर कुठेही लिहू नका. "अमुक वर्षाचं अमुक व्हाउचर दाखवावं" एवढंच लिहा. आरोप केलात की बदनामीची नोटीस येते आणि मूळ हिशोब बाजूलाच राहतो.

मी सेक्रेटरी आहे, नेहमी सभासदांचीच बाजू छापता म्हणून लिहितोय. एका सभासदाने तीन वर्षं मेंटेनन्स भरलेला नाही, गाडी मात्र नवी घेतली. कमिटीत ठरलंय की त्याचं पाणी तोडायचं. लोक पण म्हणतायत तोडा.
मानद सेक्रेटरी, नाशिक

दादा, तुमची बाजू छापली. पगार नाही, शिव्या मात्र रोज, हे मला ठाऊक आहे, आणि जो फुकट काम करतो त्याच्या दारात रात्री दहाला पंप बंद पडल्याची तक्रार घेऊन जाणारे पण मी बघितलेत.

पण पाणी तोडू नका. तो अधिकार सोसायटीला नाहीये, थकबाकी कितीही असो. तुम्ही तोडलंत की तो पोलिसांत जाईल, कोर्टात जाईल, आणि तीन वर्षं पैसे न भरणारा माणूस बिचारा ठरेल. लिफ्ट बंद, गेटवर अडवणं, नावाचा बोर्ड लावून ग्रुपवर टिंगल, हे पण नको.

तुमच्याकडे यापेक्षा भारी हत्यार आहे आणि ते फारसं कोणी वापरत नाही. सहकार कायद्यात 2019 ला गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं, त्यातलं कलम 154ब-29 (जुने लोक अजून 101 म्हणतात). कमिटीचा ठराव, रीतसर मागणीच्या नोटिसा, खातेउतारा, असं सगळं घेऊन उपनिबंधकाकडे वसुली दाखल्याचा अर्ज करायचा. सुनावणी होते, दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, वसुली अधिकारी जप्ती करू शकतो, वेळ आली तर फ्लॅटपर्यंत. आणि गंमत म्हणजे दाखल्याविरुद्ध त्याला वर फेरतपासणी अर्ज करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. इथेच बहुतेकांची भांडणाची हौस फिटते.

फक्त हिशोब चोख ठेवा. व्याज सरळ, चक्रवाढ नाही, आणि सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने, तो आदर्श उपविधींत वर्षाला 21 टक्क्यांच्या वर जात नाही. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेली उपविधींची प्रत उघडून दर बघा. दंड, फंक्शनची वर्गणी, गणपतीची वर्गणी हे सगळं थकबाकीत घुसवलेलं असतं ते काढून टाका. वर्गणी ऐच्छिक असते. तिच्यापायी अख्खा अर्ज अडकलेला मी पाहिलाय.

आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. दारावर तोरण, बाजूला ॐ आणि गणपतीत दारात छोटं मखर ठेवतो. एचओएने, म्हणजे इथल्या घरमालकांच्या संघटनेने, उल्लंघनाची नोटीस पाठवलीये, काढा नाहीतर दंड. इथे पण तुमचे बायलॉज लागतात का?
एक वाचक, टेक्सास

नाही हो, तिकडे तिकडचा कायदा, आणि अमेरिकेत तो राज्याराज्याला वेगळा. पण तुमच्या राज्यात नशीब चांगलं आहे. टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडमध्ये कलम 202.018 आहे, त्यात एचओएला घरमालकाच्या स्वतःच्या जागेवर श्रद्धेपोटी लावलेल्या धार्मिक वस्तूंवर बंदी घालता येत नाही. आधी हे फक्त दारापुरतं आणि 25 चौरस इंचापुरतं होतं, म्हणजे एवढीशी वस्तू, आपलं तोरण काही त्यात मावलं नसतं. 2021 मध्ये ती मर्यादा काढली आणि दारापुरतं होतं ते पूर्ण जागेला लागू केलं. अपवाद आहेत, आरोग्याला किंवा सुरक्षेला धोका असेल, एचओएच्या कॉमन जागेत ठेवलं असेल, किंवा सीमेपासून सोडायच्या अंतरात येत असेल तर ते हटवायला सांगू शकतात. तेव्हा मखर तुमच्या हद्दीत आहे ना, फुटपाथवर नाही ना, हे आधी बघा. मखराला लाइटची वायर रस्त्यावरून नेली असेल तर ती मात्र आत घ्या.

नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका. तिकडच्या कायद्यात नोटीस पाठवल्यापासून 30 दिवसांत बोर्डासमोर सुनावणी मागता येते आणि मागितल्यावर बोर्डाने 30 दिवसांत ती ठेवायची असते. लेखी मागा, कलमाचा नंबर लिहा, फोटो जोडा, सूर नम्र ठेवा. बोर्डावरची माणसं पण शेजारीच असतात आणि बऱ्याचदा मॅनेजमेंट कंपनीच्या माणसाने गाडीतून फिरताना फोटो काढून छापील नोटीस पाठवलेली असते, ॐ म्हणजे काय हेही त्याला ठाऊक नसतं. दंडाची भीती वाटत असेल तर आणखी एक, टेक्सासमध्ये नुसत्या दंडापोटी एचओएला घराचा लिलाव करता येत नाही. पण नियमित असेसमेंट, म्हणजे तिकडचा मेंटेनन्स, थकवलं तर येतो! म्हणजे मुलुंडच्या वाचकांना जे सांगितलं तेच तुम्हाला, रागाने पैसे अडवू नका. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियावाल्या वाचकांनो, तुमच्याकडे नियम वेगळे, पण कोर्टाआधी एचओएच्याच पातळीवर वाद मिटवायची सोय कायद्याने ठेवलेली आहे, ती आधी मागा.

खारघरला 2008 मध्ये फ्लॅटसोबत बिल्डरकडून स्टिल्ट (इमारतीच्या खांबांमधलं) पार्किंग पैसे देऊन घेतलं. आता सोसायटी म्हणते ते आमचं नाही, दरवर्षी चिठ्ठी टाकणार.
एक वाचक, नवी मुंबई

हे तुम्हाला आवडणार नाही. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2010 मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पंचाली सोसायटी या केसमध्ये सांगितलंय की स्टिल्ट आणि उघडं पार्किंग हे कॉमन आहे, बिल्डरला ते वेगळं विकताच येत नाही. म्हणजे तुम्ही पैसे दिले ते खरं, पण विकणाऱ्याकडे विकायला काही नव्हतं. गाड्या जागांपेक्षा जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठी टाकून वाटप ही उपविधींतलीच पद्धत आहे. फक्त ती सगळ्यांना सारखी लागू पाहिजे, कमिटीच्या पाच जणांची जागा कायम आणि बाकीच्यांची चिठ्ठी असं असेल तर सहकार न्यायालयात जा, तिथे तुमची बाजू भक्कम आहे. एका घराला दुसरी जागा सगळ्यांना एक एक देऊन उरली तरच. रेरा, म्हणजे बिल्डरांवरचा नवा कायदा, आल्यानंतरच्या प्रोजेक्टमध्ये बंदिस्त पार्किंग करारात दाखवून विकता येतं, तो नियम तुमच्या 2008 च्या कराराला ओढून लावू नका.

फ्लॅट विकतोय, सोसायटी ट्रान्सफरसाठी एक लाख डोनेशन मागते, नाहीतर एनओसी नाही.
एक वाचक, कल्याण

महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त 25,000, 9 ऑगस्ट 2001 च्या परिपत्रकाप्रमाणे. शिवाय ट्रान्सफर फी 500 आणि नव्या सभासदाची प्रवेश फी 100. डोनेशन, विकास निधी, रंगकाम फंड, नाव काहीही द्या, त्यावर एक रुपया मागता येत नाही. घरातल्याच माणसाच्या नावे होत असेल तर प्रीमियमच नाही. आणि शेअर ट्रान्सफरला एनओसी लागतच नाही, बँका मागतात म्हणून ती घ्यावी लागते, तिथेच सोसायटी अडवते. सौदा अडला असेल आणि भरावंच लागलं तर चेकने भरा, पत्रात "निषेधासह भरत आहे" असं लिहा, मग उपनिबंधक. रोख देऊ नका.

आमचा तीन बीएचके, शेजारचा एक बीएचके, मेंटेनन्स आम्हाला अडीचपट. सोसायटीत सगळ्यांना सारखा असतो ना?
एक वाचक, पुणे

आधी सांगा सोसायटी आहे की अपार्टमेंट? पुण्यात हा घोळ घरटी आहे. सोसायटी असेल तर सर्व्हिस चार्ज सगळ्यांना सारखा, पाणी नळांच्या हिशोबाने, सिंकिंग आणि दुरुस्ती निधी बांधकाम खर्चावर म्हणून मोठ्या फ्लॅटला जास्त. पण 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डिक्लरेशन (प्रत्येक फ्लॅटचा हिस्सा लिहिलेला दस्त) झालं असेल तर कॉमन खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्यांवर, मग मोठ्या फ्लॅटला मोठं बिल हे बरोबरच आहे. डीड ऑफ डिक्लरेशन काढून तुमचे टक्के बघा, बिल त्याच्याशी जुळतंय का ते तपासा. वाचकांनी एकमेकांना फॉरवर्ड केलेले सोसायटीचे निर्णय अपार्टमेंटला लावू नयेत, दोन्ही कायदे वेगळे आहेत.

आमच्या लॅब्रॅडॉरला लिफ्टमध्ये नेऊ देत नाहीत, ठराव केलाय. मी सहाव्या मजल्यावर, कुत्रा तेरा वर्षांचा, जिने चढत नाही. कुत्रा गेटजवळ घाण करतो त्याचे फोटो पण ग्रुपवर टाकतात.
एक वाचक, चिंचवड

अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करून पण नाही, लिफ्ट बंद करता येत नाही आणि लिफ्टचे वेगळे पैसेही लावता येत नाहीत. दोन लिफ्ट असतील तर एक ठरवून देऊ शकतात. तोंडाला मझल घालाच असा आग्रह नाही, कॉमन भागात पट्टा ठेवा असं मात्र त्या सूचनांमध्येच सुचवलंय. या सूचनांची प्रिंट जोडून कमिटीला पत्र द्या, कुत्र्याचं वय आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट पण जोडा, बहुतेक तेवढ्यात काम होईल. गेटजवळच्या घाणीचं मात्र तुम्ही एका ओळीत उरकलंत. ती उचलायची तुम्हीच, रोज, पिशवी घेऊन. त्या फोटोंबद्दल तुमच्या बाजूने मला काही लिहिता येणार नाही.